तात्यांची तिसरी धार

बारामतीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरल्याबरोबर तात्यांनी टोपी सारखी केली, काचेच्या टेबलावर मांडलेल्या काळ्या यंत्राकडे बोट दाखवलं आणि मालकाला विचारलं, "ही कितव्या वेताची?"

मालक पन्नाशीचा, चष्मा लावलेला शांत माणूस. त्याने आधी तात्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी छताच्या पंख्याकडे बघत होते.

"म्हणजे नवीन आहे की कुणी वापरलेला, असं विचारतायत ते," शेवटी मीच म्हणाले.

"नवा कोरा आहे."

"मंग पहिलारू म्हना की," तात्या म्हणाले. "पहिलारूचा अंदाज लागत न्हाय. तीन धारा बघाव्या लागतील."

तुम्हाला वाटेल म्हातारा चेष्टा करत होता. तात्यांनी उभ्या आयुष्यात चेष्टा केलेली नाही. ते आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव, आणि मी तिथली कॉम्प्युटर चालवणारी. आमचं गाव बारामती आणि इंदापूरच्या मधोमध आहे. लग्नाचा बस्ता बारामतीला, सातबाऱ्याचं काम इंदापूरला, आणि सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत, असं इथल्या माणसाचं आयुष्य जातं.

तीन धारांचं प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे म्हैस विकत घ्यायची तर विकणाऱ्याच्या गोठ्यात जाऊन संध्याकाळ, सकाळ आणि परत संध्याकाळ अशा तीन वेळच्या धारा समोर उभं राहून बघतात. कारण काही व्यापारी आदल्या वेळची धार काढतच नाहीत, कास तुंबवून ठेवतात. मग गिऱ्हाइकासमोर म्हैस बादली भरते आणि घरी दावणीला बांधली की तांब्यावर येते. तेव्हा ही रीत अगदी शहाणपणाची आहे. फक्त तात्यांनी ती म्हशींपुरती ठेवली नाही.

चप्पल घ्यायची तर तात्या दुकानात तीन चकरा मारतात आणि मग दुसऱ्या दिवशी येतो म्हणतात. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाच्या घरी न सांगता एकदा संध्याकाळी, एकदा सकाळी आणि परत एकदा संध्याकाळी जाऊन आले. तिसऱ्या वेळी मुलाचे वडील म्हणाले, "पाव्हणं, आता ऱ्हायलाच या की." लग्न जमलं, सुखाचं झालं, आणि तात्यांच्या डोक्यातलं ते खूळ कायमचं पक्कं झालं. गावात नवीन डॉक्टर आला तर तात्या अंगात काहीही नसताना तीनदा जाऊन नाडी दाखवून येतात.

एरवी मीही यावर हसले असते. पण या वेळी वाट बघणारी मान माझी होती.

आमचं ऑफिस म्हणजे दुधाच्या वजनकाट्याशेजारची एक खोली. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. डावीकडे फॅटच्या मशीनवर आकडा येतो, उजवीकडे खिडकीतून सभासद आपला कोड नंबर ओरडतो, आणि मधे खाली, कापलेल्या तेलाच्या पिंपावर ठेवलेल्या जुन्या स्क्रीनमध्ये मी ते भरते. बसायला हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर पेंडीच्या पोत्याची घडी. दोन तासांत माझी मान डावीकडे, उजवीकडे आणि खाली किती वेळा जात असेल ते देवच जाणे. नऊ वर्षं हे चाललं. दिवाळीनंतर उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. इंदापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, "बाई, बसायची तऱ्हा तरी बदला नाहीतर हे काम तरी सोडा."

काम सोडणं मला परवडणारं नव्हतं, आणि मी हे पगारापुरतं म्हणत नाही. त्या खुर्चीत बसणारी मी गावातली पहिली बाई. सुरुवातीला लोक मुद्दाम पावती दोनदा तपासायचे. आता "वैशालीनं लिहिलंय ना, मग बरोबर हाय" म्हणतात. हे एक वाक्य कमवायला मला नऊ वर्षं लागली होती. आणि चेअरमनचा एक भाचा कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसला आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

मासिक सभेत मी धीर करून विषय काढला. बसायला नीट जागा आणि नवा कॉम्प्युटर द्या म्हणाले. चेअरमन आबा म्हणाले, "देऊ की. पण म्होरल्या मीटिंगपर्यंत काय घ्यायचं ते ठरवून आणा. न्हाय ठरलं तर ते पैसं कमानीला घालू." संस्थेपुढे कमान बांधायची आबांना फार हौस होती. आणि निवड करायचं काम सचिव म्हणून तात्यांकडे आलं.

तर बारामतीच्या त्या दुकानात तात्या पहिल्या धारेला बसले. यंत्र लॅपटॉप होता, दिसायला देखणा. मालकाने तो चालू करून पटापट चार खिडक्या उघडून दाखवल्या. तात्यांनी मान हलवली. "तुंबवलेली हाय. पोटात काय न्हाय म्हनून पळती. वैशाली, आपलं गाव घाल हिच्यात."

मी आणलेल्या पेन ड्राइव्हमधून सगळ्या सभासदांची नावं, कोड आणि मागच्या वर्षभराचं दूध त्या लॅपटॉपमध्ये भरलं. मग तात्या स्वतः त्याच्यासमोर बसले. त्यांना टायपिंग येत नाही. एका बोटाने ते खोट्या नोंदी करत राहिले, दीड तास. मधेच थांबायचे, डोळे मिटायचे, मान फिरवायचे आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहायचे. खिशातून सुताची एक दोरी डोकावत होती. मला वाटलं, बाजारातून दावं घेऊन जायचं असेल त्याचं माप आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत गेलो. चार दिवसांनी संध्याकाळी परत गेलो, तेव्हा आम्हाला लांबून बघून मालकाने शटर अर्धं खाली ओढलं होतं. तात्या वाकून आत गेले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "दूध देती. पर लाथ मारती."

"कुणाला मारते लाथ? मशीन आहे ते, तात्या!"

"मारती," एवढंच बोलून ते एसटी स्टँडकडे चालायला लागले.

पंधरा दिवस गेले होते. एसटीत त्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली, ती मी घेतली नाही.

पुढची वारी इंदापूरला. तिथलं दुकान एक बाई चालवत होत्या. तात्यांनी पुन्हा तोच प्रश्न टाकला आणि मी पुन्हा पंख्याकडे बघितलं. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "पहिलारू हाय तात्या, पर लई गरीब. खायला काय घालनार हाय तुमी?"

"सकाळ-संध्याकाळच्या नोंदी. वर पावत्या."

"मंग ही मोठी कशाला? तिकडं ती बारकी बघा. बसा निवांत, पान्हा सुटंस्तवर."

तात्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी नऊ वर्षांत बघितलं नव्हतं. बाईंच्या वडिलांकडे सहा म्हशी होत्या, असं निघालं. दोघांचं गोत्र जुळलं आणि मी कोपऱ्यात मान चोळत बसले. पहिली धार झाली, दोन दिवसांनी दुसरीही झाली. "तिसरी ऱ्हायली," तात्या म्हणाले. सभेला सहा दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात घात झाला. सकाळची वेळ, रांग खिडकीबाहेर रस्त्यापर्यंत. माझी बोटं बधिर झालेली. एक आकडा चुकला आणि थोरल्या भावाचं दूध धाकट्याच्या नावावर पडलं. साधे भाऊ असते तर हसण्यावारी गेलं असतं. हे दोघे बांधावरून सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सात वर्षांनी त्या सकाळी बोलले, आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. किटल्या आपटल्या, रांग मोडली, कुणीतरी आबांना बोलावून आणलं.

मी नोंद दुरुस्त केली, दोघांची माफी मागितली. आबा खिडकीत वाकून अगदी मायेने म्हणाले, "पोरी, झेपत न्हाय तर तसं सांग. भाचा हायच घरी." मग आवाज वाढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आन् ते मशीनचं मी बघितलंय. वळखीच्या मानसाकडनं लॅपटॉप आनतोय. काखंत मारून कुठंबी नेता येतो."

सगळे पांगल्यावर मी तात्यांना धरलं. आजवर त्यांच्यापुढे मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तात्या, तुमच्या धारा होईस्तोवर माझी मान जाईल. तुम्हाला दिसत नाही का? घेऊ दे त्यांना तो लॅपटॉप. काही पण घ्या, पण घ्या!"

तात्या माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते. तिथं कुणीतरी पेन्सिलने दोन रेघा मारल्या होत्या, एक वर आणि एक वीतभर खाली. विजेचा नवा बोर्ड बसवायचा असेल, असं मी धरून चालले होते.

"तिसरी धार ऱ्हायली," ते म्हणाले आणि निघून गेले. मला रडू आलं, रागाचं.

सभेचा दिवस उजाडला. सभा संध्याकाळी चारला. तात्या दुपारी बारालाच इंदापूरला गेले. जाताना मी टोमणा मारला, "भर दुपारी कुणी धार काढतं का?"

"अडचनीला काढावी लागती."

चारला सगळे संचालक आमच्या ऑफिसच्याच खोलीत जमले. आबांनी टेबलावर लॅपटॉप ठेवला. ठरावाच्या वहीत मजकूरही लिहून तयार होता, खाली सचिवाच्या सहीची जागा तेवढी मोकळी. सव्वाचार झाले, साडेचार झाले. आबा म्हणाले, "म्हातारा चुकला एसटीला. पाच वाजता आपन सचिवाबिगर ठराव करू." मी घड्याळाकडे बघत होते आणि खरं सांगते, तात्या येऊच नयेत असं मला वाटत होतं. हातातला लॅपटॉप सोडून पळत्या म्हशीमागे कोण जाईल?

पाचला दोन मिनिटं कमी असताना तात्या दारात उभे राहिले. धुळीने टोपीचा रंग बदललेला.

"सही करा," आबांनी वही पुढे सरकवली.

तात्यांनी वही बाजूला केली. "वैशाली, बस हिच्यापुढं. शंभर नोंदी कर."

"आत्ता?"

"आत्ता. समदी बघत्यात. कर."

मी बसले. आबा हसले, संचालकांनी खुर्च्या ओढल्या. मी झपाट्याने नोंदी भरायला लागले. नवं यंत्र, बोटाखाली कळा लोण्यासारख्या. वीस झाल्या, तीस झाल्या. तात्या मागे उभे राहून मोजत होते. चाळीस झाल्या असतील, मला कळलंही नाही आणि माझा डावा हात आपोआप मानेवर गेला.

"एकेचाळीस," तात्या म्हणाले. "मी चाळिसाला धरली हुती मान. बारामतीत, तिन्ही बारीला. हिची पडद्याची पाटी आन् कळा एकाच जागी. पाटी खाली, म्हनून डोळं खाली, म्हनून मान खाली. हीच ती लाथ."

मग त्यांनी खिशातली दोरी काढली. एक टोक माझ्या खुर्चीच्या बैठकीला लावलं आणि दोरी भिंतीवरच्या रेघांपर्यंत ताणली. दोरीला गाठी होत्या. "ही वरची गाठ, सकाळी सहाला पोरगी बसती तवा तिचं डोकं हितं असतंय. ही दुसरी, आठला. दोन तासात वीतभर खाली. म्हैनाभर बघतोय मी."

रेघा माझ्या होत्या. मी मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिले.

"इंदापूरला निराळी पाटी हाय, वर-खाली हुती. तिच्यापुढं एकशेचाळीस नोंदी केल्या आज, मान गप. आन् खुर्ची बी घ्यायची. पाठीला टेकू असलेली."

"कॉम्प्युटर ठरवायला धाडलं तुमाला, खुर्ची कुठनं आली?" आबा चिडले.

"जनावर घ्यायचं म्हंजे आधी गोठा बघाय लागतो, आबा. तुमी बी बघताच की." तात्यांनी लॅपटॉपच्या ठरावावर आडवी रेघ मारली. "हिच्यावर मी सही करनार न्हाय. भाच्याला बसवायचा आसंल तर त्याची बी मान हितंच मोडंल."

बसलेले सगळे म्हशी राखणारे होते. एकाने उठून दोरीची गाठ हातात धरून बघितली. दुसऱ्याने भिंतीवरची वीत मोजली. नवा ठराव लिहिला गेला. वही मिटताना आबांनी विचारलं, "आन् ती खाली तिसरी गाठ कशाची?"

तात्यांनी दोरी गुंडाळून खिशात घातली. "ती घरची हाय."

तीन दिवसांनी इंदापूरहून टेम्पो आला. उंच होणारी स्क्रीन आली, खुर्ची आली. पण टेम्पोत खुर्च्या दोन होत्या. दुसरी न उतरवता तात्या टेम्पोत बसले आणि घराकडे गेले. आता काय सांगू, माझं मन किती कोतं असावं? मला आधी हेच वाटलं की संस्थेच्या ठरावात म्हाताऱ्याने आपलीही खुर्ची साधली. संध्याकाळी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले ती निम्मी आभार मानायला आणि निम्मी खुर्ची बघायला.

तात्यांच्या अंगणात गोठ्याच्या तोंडाशी ती खुर्ची होती. तिच्यात सुमनकाकू बसल्या होत्या, तात्यांच्या बायको. काकू कमरेत वाकलेल्या, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. भिंत धरून चालतात, समोरच्या माणसाचे पाय बघून त्याला ओळखतात. मी वयामुळे असेल म्हणून कधी विचारही केला नव्हता. आता त्या खुर्चीत पुढे झुकून बसल्या होत्या, आणि त्यांची पाठ व खुर्चीची पाठ यांच्यात एक हातभर जागा मोकळी होती. त्या जागेत कुणीतरी गोधडी दुमडून कोंबली होती.

"ये गं वैशाली," त्यांनी माझ्या चपलांकडे बघून ओळखलं.

"बरी आहे का खुर्ची, काकू?"

"झ्याक हाय. पदरच्या पैशानं आनलीया ह्यांनी. पर हे सारखं म्हनत्यात मागं टेक, मागं टेक. टेकायचं कसं त्येच इसरले बघ मी."

आत तात्या म्हशीखाली बसले होते. धार काढत होते. मी कधी त्यांना धार काढताना बघितलं नव्हतं, ते नेहमी शेजारी उभं राहून बघायचे. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "चाळीस वर्सं हिनं धारा काढल्या. उकिडवं बसून, दोन्ही येळला, बाळंतपनाचं दिस सोडलं तर रोज. मी हितं उभा राहून लिटर मोजलं. म्हशीचं दात बघितलं, खूर बघितलं, कास बघितली. हिच्या पाठीकडं बघायचं ऱ्हाऊन गेलं."

बादलीत धार पडत राहिली. काकू म्हणाल्या, "झालं का सुरू? रोजचं हाय ह्यांचं."

"तिसरी गाठ हिच्या डोक्याची," तात्या म्हणाले. "पहिल्यांदा हिचीच मारली. मंग तुझी दुसरी मारली तवा कळलं, तुझं डोकं बी तिकडंच निघालंया."

मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. मी म्हणाले, "तात्या, पेढे आणलेत," आणि काकूंच्या मांडीवर पुडा ठेवून तोंड फिरवलं.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मुंग्या कमी झाल्या आहेत, भाचा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागला आहे. तात्या रोज सकाळी आधी घरची धार उरकून मग ऑफिसात येतात. आल्यावर राम राम करायच्या आधी माझ्या मागच्या भिंतीकडे बघतात. रेघा अजून आहेत, पुसायला ते कुणाला देत नाहीत. रांग कितीही लांब असो, त्यांची टोपी दारात दिसली की मी पाठ खुर्चीला टेकवते आणि डोकं वरच्या रेघेला लावते. तात्या खिडकीतून ओरडणाऱ्याला तेवढं सांगतात, "दम धर. टेकू दे तिला."